वायच्या काठावरचं भांडण

प्रिय सुमे,

तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू.

काल लेकीबरोबर वेल्समधल्या टिंटर्नला गेले. हो, तेच, वर्ड्‌स्वर्थच्या कवितेतलं! काळेबाईंच्या तासानंतर ज्याच्यापायी आपला अबोला झाला होता, ते. अ‍ॅबीला, म्हणजे त्या जुन्या मठाला, छप्पर नाही, आत हिरवळ, माणसं सेल्फीत दंग. मी नदीकडे गेले तर ओहोटी. वायचे दोन्ही काठ म्हणजे नुसता तपकिरी, चकचकीत चिखल. लेक म्हणते, "आई, ह्यावर कविता?"

तेव्हा तुझीच आठवण झाली. तू गिल्पिनचं वायच्या प्रवासाचं १७८२चं पुस्तक नाचवायचीस: बघ, अवशेषांत भिकारी, गावात लोखंडाचे कारखाने आणि तुझा वर्ड्‌स्वर्थ वरच्या अंगाला जाऊन झाडं बघतो, लबाड! अगं, पण १७९८च्या त्या कवितेला त्यानंच तळटीप दिलीय की टिंटर्नच्या काही मैल वर नदीला भरती-ओहोटी लागत नाही. इथे खाली पाणी उलटं फिरतं. त्याला हवी होती डोंगरातून येणारी, एकाच दिशेनं जाणारी नदी. १७९३ साली इथे हुंदडून गेलेला पोरगा आता परत येणार नाही, हेच तर त्याचं दुखणं. जिथे गेलेलं पाणी रोज परत येतं तिथे बसून ते कसं लिहिणार? आणि धूरही लपवला नाही त्यानं. झाडांतून निघतो तो. फक्त बहुधा कोळसा पाडणाऱ्यांचा असलेला धूर भटक्यांच्या नाहीतर एखाद्या साधूच्या नावावर घातला. एवढं तुझं मान्य. एवढंच!

छळतंय ते वेगळंच. कवितेच्या शेवटी तो बहिणीला, डोरोथीला, सांगतो की पुढे दुखलंखुपलं तर हे सगळं आठवून तुला बरं वाटेल. बिचारीला तोंड उघडू देत नाही. पण १८३२ साली आजारपणात, खाटेवरून, तिनंच लिहिलं: चालायला नको, ताकद नको, वायचे हिरवे काठ दिसले, भावाचे शब्द आठवले. पुढे तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही आणि तशीच ती १८५५पर्यंत जगली. तेव्हा दिसत असतील का गं ते काठ?

परवा आईनं फोनवर मला "कोण बोलतंय?" विचारलं. आणि लगेच आंबोलीच्या धुक्याचं सांगत बसली, घाटात गाडी बंद पडली ते, तू ओकलीस तेसुद्धा. मी कोण ते मात्र नाही. दादाला सांगितलं तर म्हणतो, वय झालं. लेकीला सांगवत नाही.

तुझ्या सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? घराच्या गळतीचं काय झालं? सविस्तर लिही.

आणि एकदा आईकडे जाऊन ये. आंबोलीचं विचार, माझं नको. तुला ओळखेल, तुझा आवाजच तसला आहे.

तुझी,
वंदू