निळ्या फाईलमधलं सर्टिफिकेट

विक्रोळी,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन लावला की आई "जेवलीस का"पासून सुरू करते, मागून बाबा "रेंज जातेय, ठेव" म्हणतात, आणि माझं सांगायचं ते राहतं. म्हणून हे पत्र. शिवाय एक काम आहे, ते लिहूनच सांगितलेलं बरं.

बाबा, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, घरपट्टीच्या पावत्यांच्या खाली एक निळी फाईल आहे. त्यात माझं मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट आहे. तीस स्पीडचं, २००७ सालचं, वर 'शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र' असं छापलेलं. मला ते मूळ हवंय. झेरॉक्स नको.

"आता कशाला गं?" असं आई इथे म्हणालीच असेल. तर ऐक. मी लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेला बसतेय. आणि ऑफिस जूनमध्येच सुटलं. त्यांनी आमचा अख्खा विभाग बंद केला, बारा जणांना एकाच दुपारी सांगितलं. नऊ वर्षांचा हिशोब एका पाकिटात मिळाला. तुम्ही दुपारी फोन करायचात तेव्हा "ऑफिसात आहे, नंतर बोलते" म्हणायचे ना, तेव्हा मी घरीच असायचे, समोर की-बोर्ड. खोटं बोलले. बाबांना त्या महिन्यात बीपीच्या गोळ्या बदलून दिल्या होत्या, म्हणून धीर झाला नाही. जावयांना सगळं माहीत होतं. त्यांना रागावू नका, मीच गप्प बसवलं होतं.

वयाचं म्हणाल तर खुल्या प्रवर्गाला अडतीसची मर्यादा आहे, मला छत्तीस चालू आहे. म्हणजे फार प्रयत्न हातात नाहीत. लेखीचा अभ्यास बरा चाललाय, मराठी व्याकरण तर मला आवडायलाच लागलंय. अडचण टायपिंगचीच आहे, आणि ती थोडी तुमच्यामुळे आहे, बाबा. रागावू नका, पुढे वाचा.

किल्ला कोर्टाबाहेर फुटपाथवर तुमचं ते गोदरेजचं मशीन घेऊन बसायचात, सुट्टीत मला शेजारी स्टुलावर बसवायचात. १९५५ साली गोदरेजनं पहिला देशी टाईपरायटर काढला, हे येणाऱ्या प्रत्येक अशिलाला ऐकवायचात, त्याला हवं असो वा नसो. माझ्या हातांवर रुमाल टाकून म्हणायचात, "बघू नकोस, बोटाला कळू दे." बोटाला कळलं, बाबा. इतकं कळलं की आता ते विसरता विसरेना.

तुमच्या मशीनवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. कागद डावीकडे सरकत जायचा, अक्षराच्या आधी दिसते ती वेलांटी आधी, सरळ हिशोब. मी आता जो की-बोर्ड शिकतेय त्याला इनस्क्रिप्ट म्हणतात. त्यात जसं बोलतो तसं टाईप करायचं: आधी अक्षर, मग वेलांटी. 'विक्रोळी' लिहायचं तर आधी व, मग वेलांटी. स्वर सगळे डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. कागदावर फार सोपं वाटतं.

मागच्या वर्षी, नोकरी असतानाच, एका भरतीचा अर्ज भरला होता. हेही सांगितलं नव्हतं. लेखीत पास झाले. अर्जात की-बोर्ड निवडायचा होता, मी इनस्क्रिप्टवर टिक केली. म्हटलं, टायपिंग तर येतंच, दोन महिन्यांत बसेल हात. चाचणीला बसले, घड्याळ सुरू झालं, आणि घाबरल्यावर बोटं थेट तुमच्या स्टुलावर जाऊन बसली. आधी वेलांटी. स्क्रीनवर वेलांटीच्या पोटात ठिपक्यांचं एक पोकळ वर्तुळ उमटतं, अक्षर नसलेल्या जागेचं. पहिल्या दोन ओळींत तशी पाच वर्तुळं. खोडायला गेले तर पुढची ओळ चुकली. शेजारचा विशीतला मुलगा तडतड तडतड पुढे गेलेला. निकाल लागायच्या आधीच मला निकाल माहीत होता.

तुम्ही म्हणाल, मग जुनीच पद्धत घे, रेमिंग्टन. विचार केला. पण इतक्या वर्षांत तीही अर्धीच हातात उरलीय. अर्धं अक्षर मारून काना जोडायचा, तो कुठे जोडायचा नि कुठे नाही, यात आता गोंधळ होतो. आणि उद्या नोकरी लागली तर टेबलावर कॉम्प्युटरच असणार, तुमचं मशीन नाही. दोन्ही दगडांवर पाय नको म्हटलं.

आता रोज सकाळी पाणी भरून झालं की सात ते आठ क्लास. कन्नमवार नगरातच आहे, चालत दहा मिनिटं, पण मध्ये दोन इमारती पाडून टॉवरचं काम चाललंय, त्यामुळे जाताना नाकाला ओढणी. क्लासमधली पोरं मला काकू म्हणतात. एक जण ताई म्हणायचा, त्याला बाकीच्यांनी सुधारलं. पोरं मोबाईलवर एका अंगठ्यानं मराठी झरझर लिहितात, पण की-बोर्डवर ळ कुठे म्हटलं की शोधत बसतात. (शिफ्ट दाबून ल च्याच कळीवर आहे. तेवढं एक मला त्यांच्याआधी येतं.)

मराठीला मिनिटाला तीस शब्द लागतात, इंग्रजीला चाळीस. शब्द म्हणजे आपण मोजतो तसा नाही, पाच कळा म्हणजे एक शब्द. तीस शब्द म्हणजे मिनिटाला दीडशे कळा. आता गंमत बघा. सरकारी उतारा म्हटलं की त्यात 'कर्मचाऱ्यांना' येणारच. मी मोजलं, तेरा कळा आहेत त्याला. म्हणजे दिसायला एक, हिशोबाला अडीचच्या वर. आणि त्यातला तो ऱ्या! साधा र घेऊन पाय मोडून य लावला की 'कर्मचार्यांना' होतं, रफार डोक्यावर चढतो. त्यासाठी ऱ वेगळा आहे, शिफ्ट धरून र. 'अधिकाऱ्यांना', 'शेतकऱ्यांच्या', 'दुसऱ्या', 'पायऱ्या'. मी एका वहीत असे शब्द काढलेत आणि रोज वीस वेळा मारते. तुमची नात शेजारी बसून मोजते, आणि चुकलं की आनंदानं ओरडते.

गेल्या आठवड्यात अठ्ठावीसवर आले. चुका अजून जास्त आहेत. क्लासच्या मॅडम म्हणतात, मागे जाऊन खोडू नका, पुढे चला, खोडण्यातच स्पीड मरतो. मला ते जमत नाही, कारण स्टॅम्पपेपरवर एक अक्षर चुकलं की तुम्ही कसे गप्प व्हायचात ते मी पाहिलंय. अशिलाकडे न बघता खिशातून पैसे काढून नवा पेपर आणायला मला पाठवायचात. माझा हात चुकीपाशी थांबतो तो तिथून. मॅडमना हे सांगितलं नाही, त्यांना वाटेल बाई कारणं देतेय.

आता परत कामाचं. कागदपत्र पडताळणीची वेळ आली तर ते सर्टिफिकेट मूळ दाखवावं लागेल. त्यावर माहेरचं नाव आहे, त्यासाठी लग्नाचं रजिस्ट्रेशन इथे माझ्याकडे आहे, ते बघेन मी. तुम्ही फक्त फाईल काढा. माळ्यावर स्वतः चढू नका, शेजारच्या दादाला सांगा. कागद दमट लागला तर उन्हात टाकू नका, पंख्याखाली ठेवा. आणि बाबा, हात जोडून सांगते, लॅमिनेशन करू नका. दहावीच्या मार्कशीटचं केलंत, अजून ते सोडवायला माणूस मिळालेला नाही.

शिमग्याला या वर्षी दोनच दिवस येईन, पालखी घरी येईल त्या दिवशी नक्की. बाबांचं जुनं उताऱ्यांचं पुस्तक असेल तर तेव्हा घेऊन जाईन, वाळवी लागली नसेल तर.

आई, तू सोबत कुळथाचं पीठ पाठवशीलच, मला माहीत आहे. पाठव. पण सर्टिफिकेट वेगळ्या पाकिटात घाल आणि स्पीड पोस्टानं पाठव. मागच्या वेळी विम्याच्या कागदांना अजून मेतकुटाचा वास येतो.

तुमची,
बेबी