सॅक्सोफोन शिकणाऱ्यांना पेटीवरही बसवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जॅझवरच्या लेखात डिझी गिलेस्पी, माइल्स डेव्हिस यांच्यासारखे ट्रम्पेटवादक ‘हौसेखातर पियानोही वाजवत’ असे एक वाक्य आले आहे. लेख एरवी चांगला आहे, पण हे वाक्य तसेच सोडून देणे बरे नाही. पुण्यात ट्रम्पेट-सॅक्सोफोन शिकणाऱ्या मुलांचे नेमके याच समजुतीमुळे नुकसान होते आहे.

२६ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचे ध्वनिमुद्रण झाले. त्यातल्या ‘बिलीज बाउन्स’ आणि ‘नाऊज द टाइम’मध्ये ट्रम्पेटवर १९ वर्षांचा माइल्स आहे आणि पियानोवर डिझी. बीबॉपचा (त्या काळी पुढे आलेल्या वेगवान जॅझशैलीचा) पहिल्या फळीतला ट्रम्पेटवादक ऐन वेळी पियानोची साथ निभावून नेतो, ही हौस नव्हे, तयारी आहे. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) कसे बांधतात ते कळण्यासाठी पियानो शीक, हा सल्ला माइल्सला डिझीनेच दिला होता. त्याचे फळ १९५८ च्या ‘सिड्स अहेड’मध्ये ऐकू येते. पियानोवादक रेड गार्लंड निघून गेलेला, म्हणून सॅक्सोफोनवाल्यांच्या मागे माइल्स स्वतः पियानो वाजवतो. त्याची ट्रम्पेटची पाळी आली की पियानो बंद, खाली फक्त बास आणि ड्रम. त्यापूर्वी, १९२७ मध्ये, कॉर्नेटवादक बिक्स बायडरबेकने ‘इन अ मिस्ट’ एकट्याने पियानोवर मुद्रित केले. व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन वाजवणारा बॉब ब्रुकमायर तर १९५९ मध्ये पियानोवादक बिल एव्हान्ससमोर दुसऱ्या पियानोवर बसला.

ट्रम्पेटवादक चेट बेकर निव्वळ कानाच्या जोरावर वाजवी, हे खरे. पण तसा कान लाखात एखाद्याचा. बाकीच्यांची अडचण साधी आहे: फुंकवाद्यातून एका वेळी एकच सूर निघतो. कॉर्ड बदलला म्हणजे नक्की कोणता सूर हलला, हे त्या वाद्यावर दिसतच नाही. पेटीवर ते बोटांना कळते.

पांढरी एक (सी) सा धरा. डी मायनर सेव्हनचे दोनच सूर दाबा, म आणि वरचा सा. मग जी सेव्हन: म तसाच ठेवा, सा अर्धा स्वर उतरून नी. मग सी मेजर सेव्हन: नी तसाच, म उतरून ग. दर वेळी एकच बोट हलते, तेही अर्धा स्वर. आता दोन्ही बोटे एकदम अर्धा स्वर खाली सरकवा. काळी पाचच्या (बी फ्लॅटच्या) पट्टीतला पहिला कॉर्ड, म्हणजे सी मायनर सेव्हन, आपोआप हाताखाली येतो. असे एकेक स्वर उतरत सहा पट्ट्या होतात. मग पांढरी सातपासून पुन्हा तेच करून उरलेल्या सहा. लय मिनिटाला ६० मात्रांची, प्रत्येक कॉर्डला चार मात्रा. फार खाली गेलात की आवाज गढूळ होतो, म्हणून मध्येच दोन्ही बोटे एक सप्तक वर न्यावीत. खालचा मूळ सूर वाजवायची घाई नको. तो बासवाल्याचा.

हे बसले की पेटीवर कॉर्ड धरून तेच सूर आधी गळ्यातून काढायचे आणि मग वाद्यातून. इथेच बहुतेक मुले अडखळतात, कारण ही वाद्ये पट्टी बदलून बोलतात. ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि टेनर सॅक्सवर सी वाजवला की ऐकू येते काळी पाच. अल्टो सॅक्सवर तोच सी काळी दोन होतो. म्हणून पेटी पांढरी एकमध्ये असेल तेव्हा ट्रम्पेटवाला पांढरी दोनमध्ये हवा आणि अल्टोवाला पांढरी सहामध्ये. वरच्या सी मेजर सेव्हनचे ग आणि नी ट्रम्पेटवाल्याच्या बोटांखाली एफ शार्प आणि सी शार्प होतात. अल्टोवाल्याच्या बोटांखाली सी शार्प आणि जी शार्प.

कीबोर्डवरच्या ट्रान्सपोजच्या बटणाने (ट्रम्पेटसाठी उणे २, अल्टोसाठी उणे ९) हा हिशोब टळतो आणि म्हणूनच ते बटण घातक आहे. पहिले काही दिवस वापरावे, पुढे शून्यावर ठेवावे. नाहीतर पियानोवाला ‘बी फ्लॅटमध्ये घेऊ’ म्हणाला की मूल गोठते. स्केल चेंजरच्या (पट्ट्या सरकवून सूर बदलणाऱ्या) पेटीलाही हेच लागू.

पियानो कुठून आणायचा, हा पालकांचा प्रश्न असतो. सुरुवातीला नकोच. या शहरात गाणे शिकलेल्या कितीतरी घरांत पेटी पडून आहे. भात्याला एक हात लागतो, पण वरच्या अभ्यासाला दुसऱ्या हाताची दोन बोटे पुरतात. कपलर मात्र बंद ठेवावा. नाहीतर प्रत्येक सुराला सप्तकाची जोड लागते आणि कोणता सूर हलला ते ऐकू येत नाही. रीड्सचा (आतल्या, सूर देणाऱ्या पात्यांचा) एकच संच उघडा. एखाद्या गायकाच्या पट्टीला धरून गांधार उतरवून लावलेली पेटी या कामाची नाही, दुसऱ्या पट्टीत गेल्यावर तिचे कॉर्ड बेसूर होतात. ट्यूनरवर पांढरी सहा ४४० च्या जवळ आहे ना, तेही पाहून घ्यावे. पियानोचा ठोका आणि विरत जाणारा नाद पेटी शिकवू शकत नाही. ते पुढे कीबोर्डवर.

आणखी एक फायदा शिक्षकांनाही सुचत नाही. ट्रम्पेट तासभर वाजवल्यावर ओठ थकतात, आणि थकल्या ओठांनी रेटले की वरचे सूर दाबून काढायची खोड लागते. ओठ थकले, तरी बोटे आणि कान ताजे असतात. तो उरलेला वेळ पेटीचा. सोसायटीत रात्री सॅक्सोफोन वाजवता येत नाही, हेडफोन लावून कीबोर्ड वाजवता येतो.

पुण्यातल्या वर्गचालकांना विनंती आहे की सॅक्सोफोनचा तास वेगळा, कीबोर्डचा वेगळा आणि दोन्हींची फी वेगळी, हा प्रकार निदान जॅझ शिकणाऱ्यांसाठी थांबवावा. तासातली १५ मिनिटे पेटीला द्यावीत. आणि पालकांनी कीबोर्ड घ्यायचाच तर पूर्ण आकाराच्या ६१ पट्ट्यांचा, बोटाच्या दाबानुसार आवाज बदलणारा घ्यावा. छोट्या पट्ट्यांचे स्वस्त मॉडेल घेऊ नये. त्यावर बसलेले हाताचे अंतर खऱ्या पियानोवर चुकते आणि सगळे पुन्हा शिकावे लागते.

आपला,
एक संगीतशिक्षक,
सदाशिव पेठ, पुणे