पानगळ पाहायला खान्देशाबाहेर जाण्याची गरज नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत काश्मीरचे लालभडक चिनार, जपानमधल्या मेपलच्या टेकड्या आणि अमेरिकेतल्या डोंगरी उद्यानांची रंगीत छायाचित्रे दिसू लागतात. ती पाहत राहावीशी वाटतात, यात वाद नाही. वॉशिंग्टनपासून सुमारे ७५ मैलांवर असलेल्या शेनानडोआ राष्ट्रीय उद्यानात डोंगराच्या माथ्यामाथ्याने १०५ मैलांचा एक रस्ता जातो आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्यावर गाड्यांची रीघ लागते, कारण शहरातली माणसे सकाळी निघून, दिवसभर पाने पाहून, संध्याकाळी घरी परततात. असा एका दिवसाचा प्रवास खान्देशातल्या माणसालाही करता येतो. मात्र तो शरदात नव्हे, शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात करायचा असतो. आणि नेमक्या याच दिवसांत आपली वृत्तपत्रे आपल्या डोंगरांकडे पाठ फिरवतात, ही माझी तक्रार आहे. (शेवटी एक विनंतीही आहे.)

आपल्याकडे डोंगर म्हटला की धबधबा आणि धबधबा म्हटला की श्रावणातला रविवार, असे समीकरण पक्के झाले आहे. भाद्रपद संपला की पर्यटनाच्या बातम्या आटतात, आणि त्यानंतर सातपुडा व सातमाळ्याचे नाव छापून येते ते बिबट्या विहिरीत पडला तर किंवा वणवा लागला तर. वाचकाची समजूत अशी होते की पावसाळ्यानंतर या रानांत पाहण्यासारखे काही उरत नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. पावसाळ्यात सगळे रान एकाच हिरव्या रंगाचे असते आणि साग कोणता, धावडा कोणता, सालई कोणती हे नवख्याला ओळखू येत नाही. माघात प्रत्येक झाड आपापल्या वेळेला, आपापल्या रंगाने वेगळे उभे राहते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. थंड देशांत दिवस लहान होत गेले आणि गारठा वाढला की झाडे पाने टाकण्याच्या तयारीला लागतात. पानातले हरितद्रव्य मोडते, त्यातला उपयोगाचा अंश झाड खोडात ओढून घेते, हिरव्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि मेपलसारख्या काही झाडांत त्याच वेळी लाल रंगद्रव्य नव्याने तयार होते. आपल्या झाडांना हिमाची धास्ती नाही, तहानेची आहे. पाऊस थांबून तीन-चार महिने झाले की मुरमाड उतारांवरची ओल संपत येते. पानांवाटे उडून जाणारे पाणी मग झाडाला परवडत नाही, देठाच्या बुडाशी पेशींचा एक दुबळा थर तयार होतो आणि तिथून पान सुटते. साहजिकच नाल्याच्या काठचे झाड हिरवे असते, त्याच जातीचे वर टेपाडावरचे झाड मात्र बोडके झालेले असते, आणि एकाच उतारावर तीन टप्प्यांतली पानगळ एका नजरेत पाहता येते.

आपल्या पानगळीचा रंग प्रामुख्याने पिवळा आणि तांबूस असतो. सागाची पाने आधी मळकट पिवळी, मग तपकिरी होतात आणि जमिनीवर येतात ती आवाज करत. शांत दुपारी सागाचे एक पान पडले तरी मान वळते. त्यातली काही पाने किडीने खाऊन नुसत्या शिरांची जाळी उरलेली असतात. ती प्रकाशासमोर धरून पाहावी, मुलांना वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा तिथेच मिळतो. धावड्याची लहान पाने गळण्यापूर्वी तांब्याच्या रंगाची होतात. सालई आणि कांडोळ पूर्ण निष्पर्ण होतात, आणि कांडोळाचे पांढुरके, गुळगुळीत खोड उन्हात असे चमकते की लोकांनी त्याला भुताचे झाड हे नाव का दिले असेल, याचा उलगडा होतो. त्याच्या लाल मखमली फळांना मात्र हात लावू नये. त्यावरची लव टोचते.

खरा लाल रंग आपल्याकडे उशिरा, होळीच्या सुमारास येतो, आणि तो मरणाऱ्या पानांवर येत नाही, जन्मणाऱ्या पानांवर येतो. कुसुंबाची कोवळी पालवी इतकी लालभडक असते की दुरून सगळे झाड फुललेले वाटते, आणि सोबतची मंडळी हमखास विचारतात, ‘ही फुले कसली?’ जवळ जाऊन पाहिले की ती पाने निघतात. अजून मऊ, खाली लोंबणारी, हाताला रेशमासारखी लागणारी. मोह, पिंपळ आणि आपल्या खान्देशी रानांची ओळख असलेला अंजन यांची पालवीही आधी तांबूस आणि मग हिरवी होते. ज्या वर्गातले रंगद्रव्य मेपलच्या पानाला अखेरच्या दिवसांत लाल करते, त्याच वर्गातले रंगद्रव्य कुसुंबाच्या पानाला पहिल्या दिवसांत लाल करते. कोवळ्या पानाचे कडक उन्हापासून रक्षण व्हावे हा त्याचा एक उपयोग मानला जातो. पळस, पांगारा आणि काटेसावर यांची फुले याच दिवसांतली. उत्तरेकडच्या देशांत जी दोन दृश्ये सहा महिन्यांच्या अंतराने पाहावी लागतात, ती आपल्याकडे एकाच उतारावर शेजारी शेजारी असतात, आणि माझ्या मते आपले रान इथे चिनारांच्या बागांपेक्षा सरस ठरते.

एका दिवसासाठी सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे चाळीसगावजवळचे पाटणादेवी. १९८६ साली घोषित झालेले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे २६० चौरस किलोमीटरवर पसरले आहे आणि पाटणादेवी हे त्याचे खान्देशाकडचे दार आहे. चाळीसगाव हे मुंबई-भुसावळ मार्गावरचे जंक्शन आहे व धुळ्याचा फाटा तिथेच मिळतो. त्यामुळे धुळे, जळगाव, भुसावळ अशा कोणत्याही बाजूने सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. स्टेशनपासून पुढे अठराएक किलोमीटरचा रस्ता राहतो. मंदिर तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले असल्याने ज्यांना चढ झेपत नाही, अशा वयस्कर मंडळींना पायऱ्यांवर बसूनही रंगांचे टप्पे पाहता येतात. पाय धड असणाऱ्यांनी पितळखोऱ्याच्या वाटेने थोडे वर चढावे. इसवी सनापूर्वीच्या त्या बौद्ध लेण्यांपर्यंत जाता आले तर उत्तमच, नाही गेले तरी पहिल्या टेपाडावरून दिसणारे खोरे पुरेसे आहे. कड्यांवर आग्या मोहोळ असतात; तिथे आरडाओरडा आणि उग्र अत्तर दोन्ही टाळावे.

पाटणादेवीजवळच्या पाटणे गावी जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने शके ११२८ मध्ये इथे मठ स्थापन केल्याचा शिलालेख याच गावी मिळाला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. शाळेच्या सहली दूरच्या जलउद्यानांत नेणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे ठिकाण सुचत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. गणित, इतिहास आणि वनस्पतिशास्त्र यांचे तास एका दिवसात, तेही एका डब्याच्या खर्चात, दुसरीकडे कुठे होतील?

रावेर-यावलकडच्या वाचकांना पाल जवळ आहे. १९६९ पासूनच्या यावल अभयारण्यात, सुकी नदीच्या परिसरात, केळीच्या बागांचा गर्द हिरवा पट्टा संपून सातपुड्याचे पिवळे रान सुरू होते तो बदल काही मिनिटांच्या प्रवासात घडतो. तोरणमाळ अकराशे मीटरांहून उंच आहे, हवा गार आहे, यशवंत तलाव आणि सीताखाई आहे. पण तो प्रवास शहादा-नंदुरबारकरांनाच एका दिवसात जमतो, जळगावकरांनी तसा हट्ट धरू नये. सातपुड्यात निष्पर्ण रानाचा आणखी एक लाभ आहे. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे कोणाला न दिसलेला रानपिंगळा (घुबडाची एक लहान जात) नोव्हेंबर १९९७ मध्ये पुन्हा सापडला तो शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी. हा पिंगळा दिवसाही वावरतो, उघड्या फांदीवर बसतो, आणि पाने झडलेल्या सागावर तो दिसण्याची आशा पावसाळ्यापेक्षा किती तरी अधिक असते. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याला आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात. त्या दिवसांत जाणाऱ्याने रस्त्यावरच्या गर्दीचा हिशेब धरावा, आणि बाजारात गेलाच तर पाहुण्यासारखे वागावे. नाचणाऱ्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरू नये.

वेळेबाबत खान्देशी माणसाला सांगायला नको, तरी लिहितो. जानेवारीअखेर गेलात तर दिवसभर फिरता येते. होळीच्या सुमारास मात्र उजाडताना रानात पोहोचावे आणि अकरा-साडेअकराला सावली गाठावी, कारण पाने झडल्यावर सावली म्हणून काही उरत नाही. पाणी भरपूर न्यावे, धबधब्यांच्या भरवशावर राहू नये. या दिवसांत ते आटलेले असतात. कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा घरूनच बांधून न्यावा.

भाकरी घरून नेण्याचा आग्रह मी चवीसाठी धरत नाही. रानात चूल पेटवून भरीत भाजण्याची आपल्याकडे हौस आहे, आणि पावसाळ्यात किंवा शेतात ती खुशाल करावी. पानगळीच्या रानात ती प्राणघातक आहे. घोट्यापर्यंत साचलेल्या वाळल्या पानांवर एक ठिणगी पुरते आणि वाऱ्यावर चढणारी आग उताराने वर जाताना माणसाच्या पळण्यापेक्षा जोरात जाते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वन विभाग वणव्याचा हंगाम म्हणून पाळतो आणि त्यासाठी आधीच जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, काढून ठेवतो. अभयारण्यात आग लावणे किंवा ती धोकादायकरीत्या सोडून जाणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० नुसार निषिद्ध आहे. मोहफुले वेचणे सोपे जावे किंवा तेंदूला नवी पालवी यावी म्हणून पाचोळा पेटवण्याची जुनी सवय काही ठिकाणी आहे. परंतु तिच्यावर बोट ठेवण्याचा अधिकार शहरातून येऊन विडीचे थोटूक फेकणाऱ्याला नाही. काडीपेटी आणि लायटर फाटकावरच ठेवून घ्यावेत, त्यात सभ्य पर्यटकाचा अपमान होत नाही.

इथे कोणी म्हणेल, मग या दिवसांत लोकांना रानात बोलावताच कशाला? शंका रास्त आहे. माझे उत्तर असे की लोकांना रानात मोकळे सोडण्याऐवजी फाटक, चौकी आणि नोंदवही असलेल्या ठिकाणीच पाठवावे, त्यांना स्थानिक गावातला एखादा तरुण वाटाड्या म्हणून सक्तीने द्यावा आणि त्याची मजुरी पर्यटकाने द्यावी. पावसाळ्याव्यतिरिक्त ज्या गावांना पर्यटनातून छदामही मिळत नाही, त्यांना वाळले रान न जळता उभे राहण्यात थोडा पैसा दिसेल. पाचोळा कुजून मातीत जाणे हे डोंगराचे खत आहे आणि पहिल्या पावसाचे पाणी अडवणारी गादीही तीच. ती राहिली तर गावच्या विहिरीला लाभ आहे, हे गावकऱ्यांना आमच्यासारख्यांनी सांगण्याची गरज नाही. एसटी महामंडळाने माघ-फाल्गुनातल्या रविवारी चाळीसगाव स्थानकातून सकाळी जाणारी आणि दुपारी परतणारी एक जादा गाडी ठेवली, तर खासगी वाहनांची गर्दीही आवरेल.

आता विनंती. जपानमध्ये कोणत्या भागात पाने कधी रंगतील याचे अंदाज हवामानाच्या बातम्यांसारखे प्रसिद्ध होतात, आणि लोक त्यावरून सुट्टी ठरवतात. आपल्या दैनिकात पावसाळाभर हतनूर आणि गिरणा धरणांचा पाणीसाठा छापून येतो. त्याच जागी जानेवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत, दर शुक्रवारी, चार ओळींची पानगळीची वार्ता द्यावी: पाटणादेवीला धावडा रंगला की नाही, पालला साग किती झडला, तोरणमाळच्या घाटात कुसुंबाला पालवी फुटली का, आणि कुठे वणव्यामुळे वाट बंद आहे. त्यासाठी वेगळा वार्ताहर नेमण्याची आवश्यकता नाही. वनरक्षक, शाळांचे शिक्षक आणि एसटीचे चालक-वाहक हे रोज त्याच रस्त्याने जातात व विचारले तर आनंदाने सांगतील. मात्र आडवाटांवरच्या, फाटक नसलेल्या खोऱ्यांची नावे वार्तेत देऊ नयेत. आपण हे सदर सुरू केलेत तर लळिंगच्या कुरणातील पळसाची नोंद दर गुरुवारी सकाळी पोहोचवण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
धुळे