कढईला केलेला गोल

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझी मुलगी दुसरीत आहे. परवा वर्कशीट घरी आली, 'गटात न बसणारा शब्द ओळखा', शब्द होते तवा, पोळपाट, कढई, पोळी. तिने कढईला गोल केला होता आणि त्यावर लाल फुली, कारण उत्तर पोळी, ती खायची वस्तू म्हणून. मी विचारलं कढई का गं, तर म्हणते, पोळपाटावर पोळी लाटतात, तव्यावर भाजतात, कढईचं काय काम? मला काही बोलताच येईना, बरोबरच आहे की!

लगेच लुरियांची आठवण झाली, बीएडला वाचलेले. अलेक्झांडर लुरिया हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ साली उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले होते, शाळा न शिकलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका अशी चित्रं दाखवली आणि यातलं वेगळं काय असं विचारलं. आपण पटकन ओंडका म्हणू, बाकी तिन्ही हत्यारं. पण एक शेतकरी ओंडका काढायलाच तयार नव्हता, लाकूडच नसेल तर करवत कापणार काय? दुसऱ्या एका माणसाने ओंडका बाजूला काढला असं त्याला सांगितलं, तर म्हणाला, त्या माणसाकडे सरपण भरपूर असेल. आणि थोडीफार शाळा झालेली माणसं मात्र तिन्ही हत्यारं एकत्र लावत होती. म्हणजे हत्यारं, भांडी, फळं असे गट करायची सवय आपल्याला बरीचशी शाळाच लावते.

ती सवय लागायलाच हवी, त्याशिवाय पुढे विज्ञानात प्राणी-वनस्पतींचं वर्गीकरण कसं जमणार, याबद्दल माझा अजिबात वाद नाही. पण कामावरून गट लावणं हेही डोकं चालवणंच आहे ना, माझ्या आईच्या ओट्यावर पोळपाट, लाटणं, तवा, चिमटा आणि पिठाचा डबा एकाच कोपऱ्यात असतात, लाकडी वेगळं लोखंडी वेगळं असं कोणी ठेवत नाही. मुलगी रोज तेच बघते.

शिक्षकांना आणि वर्कशीट काढणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की अशा प्रश्नाखाली 'का?' म्हणून एक ओळ रिकामी सोडा आणि कारण पटलं तर मार्क द्या. चाळीस वह्या तपासताना वेळ जातो हे मला माहितीये, मी स्वतः चार वर्षं शिकवलंय, पण लेकीने आता मला न विचारता कढईचा गोल खोडून पोळीला केलाय आणि का ते तिला सांगता येत नाहीये.

— एक पालक, सांगली