खाड्याचं कोण बोलणार?

महोदय,

स्थानिक क्लबांनी खेळाडूंना पैसे दिले की ‘हौस मरते’, हा कालच्या क्रीडापानावरचा उपदेश वाचला. लेखकमहाशयांचं फुटबॉलप्रेम वादातीत आहे. फक्त त्यांनी लीगचा शेवटचा सामना कोणत्या वारी आणि किती वाजता पाहिला, एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं.

सगळे सामने रविवारी सकाळी होतात असा त्यांचा समज दिसतो. मंगळवारी दुपारी साडेतीनचा सामना घ्या. अडीचला संघ मैदानावर हवा: ओळखपत्रं, अठरा नावांची टीम शीट, घोट्याला पट्ट्या, वॉर्मअप. नालासोपाऱ्याच्या पोराला दक्षिण मुंबईतलं कूपरेजचं मैदान गाठायचं तर साडेबाराच्या आत घर सोडावं लागतं. सामना आटपून चर्चगेटला पोचेपर्यंत सहा वाजतात, पुढे ऐन गर्दीची विरार लोकल. गोदामात रोजंदारीवर असेल तर मुकादम अर्धा दिवस धरत नाही, पूर्ण खाडा लावतो, म्हणजे दिवसाची मजुरी गेली. जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या ॲपवर असेल तर आणखी वाईट. दुपारी जेवणाच्या वेळी आणि संध्याकाळी लॉग-इन नाही, ऑर्डरींचा आकडा भरला नाही, की त्या दिवसाच्या कमाईबरोबर इन्सेंटिव्हही जातो. गिरणगावात शाळकरी पोरालाही ठाऊक असलेला ‘खाडा’ हा शब्द आठशे शब्दांच्या लेखात एकदाही येऊ नये?

त्यातून रोव्हर्स कप या मुंबईतल्या जुन्या स्पर्धेच्या जमान्याचे उमाळे. तेव्हाचे खेळाडू म्हणे पैशासाठी खेळत नव्हते. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, महिंद्रा आणि रेल्वेच्या संघांतले ते ‘हौशी’ खेळाडू महिन्याच्या महिन्याला पगार घेत होते हो! मस्टरवर सही, जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबल, मग सरावाला रजा. सामन्याच्या दिवशी कुणाचा खाडा लागत नव्हता, उलट निवृत्तीनंतर प्रॉव्हिडंट फंड मिळत होता. पैसे क्लब देत नव्हता, कंपनी देत होती, एवढाच फरक. कंपन्यांनी एकेक करून हात काढून घेतला. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेडसुद्धा २०१० मध्ये बंद झाला. त्यांच्या जागी वस्तीतले, चाळीतले क्लब खेळू लागले, त्यांच्या पोरांना नोकरी नाही आणि आता वर प्रवचन.

वादही जुनाच आहे. हौशी खेळाडूला बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, यावरून ब्रिटनच्या चारही संघटना १९२८ मध्ये फिफातून बाहेर पडल्या. त्या १९४६ मध्ये परत आल्या. लेखकमहाशय अजून यायचे आहेत.

मात्र लेखातली एक गोष्ट खरी आहे: पाकिटं वाटली जातात. सामन्यामागे, रोख, मैदानाबाहेरच्या टॅक्सीत. क्लबच्या वहीत ती ‘प्रवास व अल्पोपाहार’ या खात्यावर पडतात. अठरा जणांचा अल्पोपाहार कधी कधी एवढा होतो की ऑडिटरसुद्धा चष्मा काढून पुसतो. पण पाकिटाने संघ बिघडतो तो पैशामुळे नाही, ते ज्या पद्धतीने दिलं जातं तिच्यामुळे. खालच्या विभागातल्या एका क्लबचं (नाव घेत नाही, मैदानावर सगळ्यांना माहीत आहे) मोसमाच्या मध्यात काय झालं ते पाहा. बाहेरून आणलेल्या गोलरक्षकाला सामन्यामागे दोन हजार ठरले, बाकीच्यांना वडापाव. गोष्ट गुप्त होती. पण पैसे यूपीआयने गेले, गोलरक्षकाचा फोन बेंचवर उघडा पडला होता आणि मेसेज स्टॉपरने (मधल्या बचावपटूने) वाचला. पुढच्या सामन्याला आठ जण आले. कोणाला ताप, कोणाच्या आत्याचं लग्न. नियमाप्रमाणे सात असले की सामना सुरू करता येतो, म्हणून शिट्टी वाजली. साठाव्या मिनिटाला एकाच्या पोटरीत गोळा आला, सत्तराव्याला एक जण लंगडत बाहेर बसला. राहिले सहा. सातच्या खाली सामना चालवता येत नाही. रेफरीने घड्याळ थांबवलं आणि कागदावर वेळ लिहिली. दोन हजार रुपये घेतलेला गोलरक्षक तेवढा वेळेवर आला होता.

पाकिटाची दुसरी खोड कुणी लिहीत नाही. पैसे फक्त खेळणाऱ्या अकरा जणांना दिले की पोरं दुखणं लपवतात. मांडीचा मागचा स्नायू ओढला गेलाय हे सांगितलं तर पाकीट जातं, म्हणून स्प्रे मारून उतरतात आणि दोन आठवड्यांचं दुखणं दोन महिन्यांचं होतं. म्हणून द्यायचं तर टीम शीटवरच्या अठराही जणांना, बेंचवरच्यालाही तेवढंच. खाडा त्याचाही लागलेला असतो.

आता ‘क्लबांना परवडणार कसं’ या प्रश्नाचा हिशेब. समजा मोसमात १४ सामने, त्यातले १० कामाच्या दिवशी. अठरापैकी ११ जण कमावते, बाकीचे कॉलेजातले, त्यांना खाडा नाही. खाडा ७०० रुपये धरा. १० गुणिले ११ गुणिले ७००, झाले ७७,०००. प्रवास आणि खाण्याचे २०० रुपये अठराही जणांना चौदाही सामन्यांचे, म्हणजे ५०,४००. एकूण १,२७,४००. आता दुसरी बाजू. सरावाला टर्फ तासाला दोन हजारांनी घेतलं, आठवड्यातून दोनदा एकेक तास, २४ आठवडे, तर ९६,००० रुपये टर्फवाल्याच्या खिशात. तो हौसेने फुकट देत नाही आणि त्याच्यामुळे खेळाचा आत्मा मेला असं कुणी लिहीत नाही. रेफरीला मानधन, ॲम्ब्युलन्सवाल्याला भाडं, जर्सी छापणाऱ्याला ॲडव्हान्स. मैदानावर ज्याच्या पायाला चेंडू लागतो त्याने तेवढं फुकट खेळायचं.

फिफाची ‘व्यावसायिक खेळाडू’ची व्याख्याही लेखकमहाशयांनी उलटी वाचली आहे. क्लबशी लेखी करार असेल आणि खेळण्यासाठी प्रत्यक्ष येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळत असतील, तो व्यावसायिक. बाकी सगळे हौशी. म्हणजे गाडीभाडं, बूट, पट्ट्या यांचे पैसे दिले म्हणून कुणी व्यावसायिक होत नाही. खाडा या ‘खर्चा’त धरायचा की नाही आणि कितीपर्यंत, हे संघटनेने मोसमाआधी एका परिपत्रकात लिहून टाकावं, निम्मी पाकिटं बंद होतील. त्यापलीकडे एखाद्याला खरोखरच मानधन द्यायचं असेल तर सरळ करार करा, आणि तो निदान मोसम संपेपर्यंतचा असावा लागतो. पुन्हा हौशी व्हायचं तर व्यावसायिक म्हणून खेळलेल्या शेवटच्या सामन्यानंतर ३० दिवस थांबावं लागतं. हे वाचून क्लब घाबरतात आणि पुन्हा टॅक्सीकडे वळतात. त्यांना एवढंच सांगणं: आयकर खात्याने २००८ मध्येच खेळाडूंचं मानधन टीडीएसच्या कक्षेत आणलं आहे. ‘अल्पोपाहार’ लिहिल्याने ते लपत नाही.

खाड्याआधी मात्र विमा. क्लब सामूहिक अपघात पॉलिसी घेतात आणि निर्धास्त होतात. ती मृत्यू आणि कायमचं अपंगत्व यांचे पैसे देते. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर तिच्या तक्त्यात तो बहुतेक वेळा बसत नाही. उपचारखर्चाचं आणि कामावर न जाता आलेल्या आठवड्यांच्या भरपाईचं कलम वेगळं मागून घ्यावं लागतं, प्रीमियम थोडा वाढतो. बहुतेक पॉलिसींत व्यावसायिक खेळ वगळलेला असतो, तेव्हा करार केलेल्या पोरांचं आधी विचारून घ्या. आणि मोसमाच्या मध्यात आलेल्या खेळाडूचं नाव यादीत चढवून कंपनीचं पत्र घेतलं नसेल, तर त्याचा विमा नाही हे पक्कं समजा. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर यायला साधारण नऊ महिने लागतात. नऊ महिन्यांचे खाडे किती, हे ज्याने त्याने मोजावं.

जाता जाता लेखासोबतच्या फोटोबद्दल. ओळ छापली आहे, ‘कूपरेजच्या हिरवळीवर घाम गाळताना’. ती हिरवळ प्लास्टिकची आहे, संपादकसाहेब. खाली वाळू आणि काळे रबराचे दाणे. एप्रिलमध्ये दुपारी तिच्यावर हात टेकवून पाहा. फोटोतल्या पोराच्या पायात मातीच्या मैदानाचे लांब खिळ्यांचे बूट आहेत. कृत्रिम गवतात हे खिळे रुततात, वरचं शरीर वळतं, पाय वळत नाही, आणि गुडघा जातो. तिथे आखूड आणि जास्त खिळ्यांचे बूट लागतात, मातीवर पुन्हा हे लांब. दोन जोड, धड घ्यायचे तर सहा-सात हजार रुपये. त्या पोराकडे एकच जोड आहे, हे तुमच्या फोटोतच दिसतंय.

आणि फोटोतल्या त्या सामन्याचा निकाल आजच्या अंकातही नाही. मँचेस्टरच्या राखीव गोलरक्षकाच्या मांडीची बातमी मात्र तीन कॉलम आहे.

आपला,
एका क्लबचा हिशेबनीस, लालबाग
(नाव छापू नये. ऑडिट व्हायचं आहे.)