फॉरमॅट मारायच्या आधी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. पाऊस लागल्यापासून घरचा कॉम्प्युटर त्रास देतोय हे वाचलं. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, चालू झालाच तर तारीख कुठल्या कुठे मागे गेलेली, कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या, आणि हे सगळं पार पडलं तरी एक फाइल उघडायला पाच मिनिटं. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारू. मारू देऊ नकोस. तू लिहिलेल्या पहिल्या तीन तक्रारींचा विंडोजशी काडीचा संबंध नाही. चौथी बहुधा हार्ड डिस्कची आहे, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर फॉरमॅट मारला तर मुलांचे फोटो आणि सोसायटीचे हिशेब कायमचे गेले म्हणून समज.

हे एकच दुखणं नाही, चार वेगवेगळी आहेत. म्हणून एका वेळी एकाच गोष्टीला हात लाव, चालू करून बघ, मग पुढची.

सुरुवात झिणझिण्यांपासून कर, कारण तिथे जिवाशी खेळ आहे. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) तोंडाशी विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेला. अर्थिंग नीट असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतं. करंट एक मिलिअँपिअरच्या आतला असल्यामुळे नुसत्या झिणझिण्या येतात. पण त्याच अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय वायर लावायला गेलास, तर पोर्ट जळू शकतो. आणि एसएमपीएसमधलं इन्सुलेशन एखाद्या दिवशी खरोखरच गेलं, तर फेज थेट पत्र्यावर येईल.

वायरमनला बोलावून सॉकेटवर मीटर लावायला सांग. फेज ते अर्थ जवळजवळ फेज ते न्यूट्रल इतकंच दिसलं पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. आधी एक्स्टेन्शन बोर्ड तपासा. बऱ्याच स्वस्त बोर्डांत तिसरं भोक असतं, आत वायरच नसते. एक गोष्ट मात्र काही झालं तरी करू देऊ नकोस: सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देणं. झिणझिण्या लगेच थांबतात, म्हणून काही वायरमन हा उपाय करून मोकळे होतात. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की अख्खं कॅबिनेट पूर्ण २३० व्होल्टवर येतं. अर्थ दुरुस्त होईपर्यंत कॉम्प्युटर उघडू नकोस.

आता काळा पडदा. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येत असेल, तर पहिल्यांदा मागे बघ. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्यातच हवी, मदरबोर्डच्या (आतल्या मुख्य पट्टीच्या) पोर्टमध्ये नको. ते बरोबर असेल तर संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये उभ्या बसवलेल्या मेमरीच्या कांड्यांवर. कोकणातल्या दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर आणि स्लॉटमधल्या पिनांवर पातळ थर बसतो. पावसाळ्यातच बिघडायचं कारण बहुतेक वेळा तेवढंच असतं.

भिंतीवरचं बटण बंद कर, वायर काढ, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धर, म्हणजे आत साठलेला चार्ज जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरव. रॅमच्या टोकांची क्लिप बाहेर ढकल (काही बोर्डांवर ती एकाच टोकाला असते), कांडी कडा धरून सरळ वर काढ. सोनेरी पट्ट्या मऊ, पांढऱ्या खोडरबरने लांबीच्या दिशेने हलक्या घास आणि चुरा लांब नेऊन झटक, स्लॉटमध्ये पडता कामा नये. पॉलिश पेपर चुकूनही नको. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो गेला की खालचा धातू गंजायला लागतो आणि दर महिन्याला हेच काम निघतं. सॅनिटायझरही नको, त्यात पाणी आणि ग्लिसरिन असतं. पुसायचंच असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. स्लॉट रंगकामाच्या कोरड्या, नव्या ब्रशने झाड.

परत बसवताना खाच जुळव आणि क्लिप ‘टक्’ करून आपोआप बंद होईपर्यंत दोन्ही टोकं दाब. जोर लागतो, घाबरू नकोस. अर्धवट बसलेली रॅम हे काळ्या पडद्याचं नेहमीचं कारण आहे. दोन कांड्या असतील तर आधी एकच लाव. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्यात. चालू झाला की दुसरी कांडी त्याच स्लॉटमध्ये लावून बघ. एक कांडी चालते आणि दुसरी नाही, तर कांडी खराब. दोन्ही एका स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्यात नाही, तर स्लॉट खराब. एवढं कळलं की दुकानदार तुला मदरबोर्ड विकू शकणार नाही.

कॅबिनेट उघडलंच आहेस तर सेलही बदलून टाक. तारीख मागे जाते ती त्याच्यामुळे. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. भिंतीचं बटण चालू असतं तोवर घड्याळाला एसएमपीएसकडून वीज मिळते, त्यामुळे सेल मेलेला कळत नाही. लाइट गेली किंवा रात्री बटण बंद केलं की कळतं. बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते तेही यामुळेच: तारीख मागची असेल तर साइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं ब्राउझरला वाटतं. नवा सेल अधिकची बाजू वर ठेवून बसव, चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जा, तारीख-वेळ भर, सेव्ह कर. साटाचा (डिस्क ज्यातून जोडतात त्या जोडणीचा) मोड तिथे जो असेल तोच राहू दे. तो बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून अडेल.

राहिला हळूपणा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघड. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली, पण वेग मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी, असं दिसलं तर डिस्क एखादा भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय आणि बाकी सगळं तिच्यासाठी खोळंबलंय. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो चालव. त्यात ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळी बघ. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाच्या प्रतीक्षेतले. सी६ म्हणजे ज्यांची आशा सोडलेली. सी७ म्हणजे केबलमधून डेटा जाता-येता झालेल्या चुका. सी५ शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल, तर त्याच दिवशी फोटो आणि हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरव. चेकडिस्कची (विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्रॅम) पूर्ण तपासणी त्याआधी लावू नकोस. ती प्रत्येक सेक्टर वाचते आणि आजारी डिस्क त्यातच मान टाकते. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क बहुधा धडधाकट आहे, साटाची केबल बदल. तो आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

डिस्कचे आकडे शून्य निघाले तरी विंडोजसाठी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, घेच. फिरत्या डिस्कला सुटेसुटे तुकडे शोधत सुई हलवावी लागते, एसएसडीत हलणारं काहीच नसतं. तुझ्या मशीनमध्ये दुसऱ्या कुठल्याही एका भागाने इतका फरक पडणार नाही.

अर्थिंग झालं की त्या चार ओळींचा फोटो आणि मदरबोर्डवर छापलेला मॉडेल नंबर पाठव. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तुझा प्रोसेसर ११ ला चालतो का ते बघूनच एसएसडी केवढी घ्यायची ते ठरवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत