चिकित्सक वृत्तीचा जमाखर्च

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांना चिकित्सक विचार करायला शिकवले पाहिजे, असे शिक्षणाविषयीच्या चर्चांमध्ये अलीकडे आवर्जून म्हटले जाते. मला ते मनापासून मान्य आहे. परंतु असा विचार करणाऱ्या माणसाला त्यासाठी काय मोजावे लागते, याचा उल्लेख त्या चर्चांमध्ये क्वचितच आढळतो. मी ३१ वर्षे लेखापरीक्षणाचे काम केले. समोर आलेल्या कागदावर पडताळणीशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हाच माझा व्यवसाय होता. त्यामुळे या वृत्तीच्या जमेच्या आणि खर्चाच्या दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत.

जमेची बाजू किती मोठी असू शकते हे सांगताना मला फ्रान्सिस केल्सी आठवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात त्या १९६० मध्ये नव्यानेच रुजू झाल्या होत्या, आणि थॅलिडोमाइड या औषधाला परवानगी मागणारा अर्ज अगदी सुरुवातीलाच त्यांच्याकडे आला. हे औषध युरोपात आधीपासून विकले जात होते आणि कंपनीने परवानगीसाठी सारखा तगादा लावला होता. औषध घातक आहे असे केल्सी यांनी म्हटले नाही, कारण तसा पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. ते सुरक्षित आहे हे सिद्ध करणारी माहिती अपुरी आहे, एवढेच त्या पुन्हा पुन्हा कळवत राहिल्या. १९६१ च्या अखेरीस या औषधामुळे गर्भातील बाळांच्या हातापायांची वाढ खुंटते हे उघडकीस आले. जगभरात १०,००० हून अधिक बालके या व्यंगांसह जन्मली, असा अंदाज आहे. अमेरिकेत विक्रीची परवानगीच न मिळाल्याने तेथील बहुतेक कुटुंबे या आपत्तीतून वाचली.

केल्सी यांचा पुढे राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते गौरव झाला, परंतु तो युरोपातील अनर्थ जगासमोर आल्यामुळे. तो आला नसता, तर एक अडेलतट्टू अधिकारी एवढीच त्यांची ओळख उरली असती. टळलेले नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. आक्षेपामुळे झालेला उशीर मात्र सगळ्यांना दिसतो. चिकित्सेचा लाभ अनेकांमध्ये वाटला जातो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही, तर तिची किंमत एकट्या माणसाकडून वसूल होते, ही या वृत्तीची खरी अडचण आहे असे मला वाटते. जो प्रश्न विचारतो त्याला फाटे फोडणारा म्हणतात, आणि त्याचा प्रश्न योग्य होता हे पुढे सिद्ध झाले तरी ते विशेषण सहसा मागे घेतले जात नाही.

इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टरांची कहाणी याहून क्लेशकारक आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. सुईणींच्या विभागापेक्षा डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी अधिक संख्येने दगावत होत्या. ही मंडळी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीसाठी येतात, हे हेरून झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली, आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आले. इतका स्पष्ट आकडा हाती असूनही बहुतेक सहव्यवसायिकांनी त्यांचे ऐकले नाही. मृत्यू आपल्याच हातांनी पसरतो, हे मान्य करणे त्या डॉक्टरांना जड गेले असणार. परंतु झेमेलवाइस यांनीही आपले विवेचन ग्रंथरूपाने मांडायला १८६१ पर्यंत वेळ लावला, आणि नंतर विरोधकांना खुनी ठरवणारी खुली पत्रे लिहिली. १८६५ मध्ये मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला. बरोबर असणे आणि ते दुसऱ्याला पटवून देणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले साधलेल्या माणसाला दुसरे कमीपणाचे वाटू लागते, हे मी माझ्या व्यवसायातही पुष्कळदा पाहिले.

तोट्यांमध्ये घरातल्या तोट्याचाही समावेश केला पाहिजे. मन मोकळे करायला आलेल्या माणसाला सोबत हवी असते; त्याच्या बोलण्यातील विसंगती त्या क्षणी दाखवून देणारा माणूस कितीही बरोबर असला तरी पुढच्या वेळी त्याच्याकडे कोणी येत नाही.

यापेक्षाही गंभीर असा एक धोका आहे, आणि तो सांगताना मला स्वतःची चूक सांगावी लागेल. एका संस्थेच्या हिशेबात एक रक्कम जुळत नव्हती आणि मला तेथील रोखपालाचा संशय आला. त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे मी त्याच्या सहीची व्हाउचरे तेवढी तपासत राहिलो, आणि त्यातील प्रत्येक खाडाखोड मला पुरावा वाटू लागली. शेवटी ती रक्कम दुसऱ्याच खात्यावर चुकून नोंदली गेल्याचे निघाले. त्या तीन आठवड्यांत सहकारी त्याच्याशी कसे वागले असतील, याची बोच मला अजून आहे. त्या काळात मी स्वतःला अत्यंत चिकित्सक समजत होतो.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात हाच दोष दिसतो. २, ४, ६ ही मालिका एका नियमात बसते, असे सांगून त्यांनी लोकांना आणखी मालिका सुचवून तो नियम ओळखायला सांगितले. नियम केवळ चढत्या क्रमाचा होता. बहुतेकांनी मात्र मनात धरलेल्या नियमाला पुष्टी देणाऱ्याच मालिका विचारल्या. तो नियम चुकीचा ठरवू शकेल अशी मालिका फार थोड्यांनी विचारली. दुसऱ्याच्या म्हणण्यावर शंका घेणे सोपे असते, परंतु स्वतःच्या शंकेवर शंका घ्यायला वेगळी सवय लावावी लागते. ती नसेल, तर चिकित्सक माणूस आणि कशावरच विश्वास न ठेवणारा संशयी माणूस यांत फरक उरत नाही.

त्या प्रसंगानंतर आक्षेप लिहिण्यापूर्वी, कोणता कागद समोर आला तर हा आक्षेप मी मागे घेईन, हे मी टिपणवहीत लिहून ठेवू लागलो. ज्या वेळी काहीच लिहिता येत नसे, त्या वेळी आक्षेपही लिहीत नसे. शाळांमध्ये चिकित्सक विचाराचे पाठ दिले जाणार असतील, तर विद्यार्थ्यांना इतरांच्या विधानांतील दोष शोधायला लावण्याआधी स्वतःच्या एखाद्या ठाम मताबद्दल अशी एक ओळ लिहायला द्यावी, आणि वर्गात एकट्याने वेगळा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे म्हणणे शिक्षकांनी पूर्ण ऐकून घ्यावे, एवढी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापरीक्षक